टेंगूळ

संध्याकाळी सहाला हेंद्रिना क्लासे कॅमेऱ्याला थंडी पाजते.
नळीतून द्रवरूप नायट्रोजन, भोवती वाफेचा फणा,
लोकरी हातमोज्यांत बोटं तरीही बधिर.
जुलै आहे. सदरलंडच्या पठारावर
मेंढ्यांच्या पाठीवर दहिवर गोठतंय,
पवनचक्कीचं पातं अर्ध्या फेरीत अडकलंय.

टास्मानियाहून निरोप:
"इथे ढग. तारा चढतोय. आता तुझ्या हाती."
एवढंच. खाली नावही नाही.
पृथ्वी वळेल तसा हा पहारा पुढे सरकतो,
तिकडून इकडे, इकडून चिलीकडे,
जसं झोपलेलं तान्हं
न उठवता या खांद्यावरून त्या खांद्यावर.

धनू राशीच्या दाटीत एक तारा
गेले अठरा दिवस उगाच उजळतोय.
उगाच नाही.
त्याच्या आणि आपल्या मधून
दुसरा एक चाललाय, अंधूक,
स्वतःचा दिवा जेमतेम,
पण वजन असं की मागचा उजेड वाकतो,
वाकतो आणि एकवटतो.
आलेख चढत जातो टेकडीसारखा, गुळगुळीत.
त्या अंधुकाच्या पदरात एखादं पोर असेल
तर टेकडीला टेंगूळ येईल.
दोन तास. फार तर तीन.
नसेल तर नुसती टेकडी.

डोळ्यात तेल घालून बघायची सोय इथे नाही.
डोळा म्हणजे एक मीटरचा आरसा,
आणि त्यावर तेलाचा थेंब पडला
तर नोकरी जाईल.

तिचा बाप आब्राम दुसऱ्याच्या मेंढ्या राखायचा.
कळप आत येताना मोजायचा नाही.
फाटकाच्या खांबावर हात ठेवून डोळे मिटायचा,
खुरं ऐकायचा, आणि म्हणायचा,
"एकीच्या मागे कोकरू आहे. काल नव्हतं."
कसं कळलं?
"आई थांबून थांबून चालते."
लहानपणी तिला वाटायचं, थाप मारतो.

एक वाजता ढग आले.
तिने घुमट मिटला, कॉफीत रस्क बुडवलं,
ते तुटून तळाला गेलं, चमच्याने काढून खाल्लं.
दोनला दहा कमी असताना
पश्चिमेला फाट पडली, हातरुमालाएवढी,
आणि धनू नेमकी त्या रुमालात.

पहिला ठिपका टेकडीच्या वर.
दुसराही.
तिने शेजारचे तारे तपासले, ते जागच्या जागी.
ढग उजेड खातो, वाढवत नाही.
तिसरा ठिपका आणखी वर.
तिने चिलीला लिहिलं: "बघताय?"
तिथून ओस्वाल्दोचं उत्तर:
"वारा. घुमट बंद. काय दिसतंय?"
ती लिहायला गेली, पण पुढचं चित्र येत होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी
टेकडी पुन्हा टेकडी झाली.

शोधनिबंध दीड वर्षाने आला.
बावीस नावं, तिचं अकरावं,
क्लासेच्या जागी क्लासेन छापलेलं.
ग्रहाला नाव नाही, साल आणि आकडे.
वस्तुमान नेपच्यूनच्या आसपास,
अंतर पंचवीस हजार प्रकाशवर्षांच्या आत कुठेतरी,
आणि तळटीप: पुन्हा निरीक्षण संभवत नाही.

ते दोन तारे आता पुन्हा एका रेषेत येणार नाहीत,
निदान ज्याला आपण पुन्हा म्हणतो त्यात तरी.
तो तिथे फिरतो आहेच, अंधारात, आपल्या वाटेने.
आपल्याला त्याचे अडीच तास मिळाले,
तेही एका रुमालातून.

त्या सकाळी मात्र यातलं काहीच ठरलं नव्हतं.
तिने वहीत लिहिलं: वारा आग्नेयेचा, आर्द्रता ऐंशी,
अधूनमधून ढग, घुमटाची साखळी करकरते, तेल हवं.
मग डोंगर उतरली.
खालच्या शेताच्या फाटकातून मेंढ्या बाहेर पडत होत्या.
गाडी थांबवून तिने काच खाली केली,
डोळे मिटले.

खुरं. नुसती खुरं.
तिला काही म्हणजे काही कळलं नाही.
ती आणखी थोडी थांबली.