सत्तेचाळीस नंबर

नरखेडच्या अलीकडे, काटेरी तारेच्या आत,
परवान्याची पाटी, दोन कॅमेरे,
आणि भांगेची दीडशे रोपं.
दव वाळलं की मी वास घेत फिरते.
पान चुरडायचं, डोळे मिटायचे, वहीत लिहायचं:
बारा, ओलं गोणपाट.
एकोणतीस, मिरी, मागून थोडं रॉकेल.
तीस, काहीच नाही. उपटा.

सात झाडं झाली की आपल्याच कोपराचा वास घ्यावा,
नाक कोरं होतं.
हे मला पंचफुला नेवारेनं शिकवलं,
जी निंदायला येते
आणि दिवसभर तंबाखू मळते.

सत्तेचाळीसपाशी तीच थांबली.
"बाई, हे पाहा ना.
संत्र्याचं साल डोयात उडाल्यावानी वाटते."
खरंच होतं. रोपांच्या तीन पिढ्या
मी ज्याच्या मागे होते
ते शेजारच्या बागेतून चालत येऊन
एका चिकट कळीत बसलं होतं.

मग नागपूरहून कागद आला.
वास उत्तम. नशा हद्दीबाहेर,
दशांश दोननं.

तहसीलचा माणूस, दोन पंच, काडेपेटी.
ओलं झाड पेटेना.
पेटलं तेव्हा धुराला
कुठल्याही पाल्याचा येतो तोच वास.
सह्या करून सगळे चहाला गेले.

पंचफुला हात धुवायची राहिली होती.
तळवा तिनं माझ्या नाकापाशी आणला.
चुना, तंबाखू.
मग संत्रं.
"घ्या," म्हणाली, "सांजलोक राहीन."