वाऱ्याकडे तोंड

पहिला भुलवा पांगाऱ्याचा केला.
लेथवर उतरवला तेव्हा पोटाला दोन मिलिमीटर जादा.
कंपनीत दोन मिलिमीटरला अख्खा लॉट परत यायचा,
म्हणून पुन्हा चढवला.
चांगुणा म्हणाली, पारवा काय व्हर्नियर घेऊन येतो?

बारा केले. शटरचा राखाडी रंग उरला होता.
पंखांवर दोन काळे पट्टे, बोटानंच ओढले.
मानेला काय लावावं समजेना.
हिरवी म्हणावी तर जांभळी,
जांभळी म्हणावी तर डबक्यावर सांडलेलं रॉकेल.
थोरलीच्या लग्नाची सीडी होती, आता कशावरच चालत नाही,
तिचे तुकडे चिकटवले.
सूर्य वर आला आणि ते लग्न
शेतभर असं लखलखलं
की उत्तरशिवेत त्या दिवशी
एक पारवा आमच्या आभाळातून गेला नाही.

मारायचे नव्हतेच.
भातकापणीनंतरच्या ओलीवर मूग दोन पानांचा झालेला,
आणि समोरच्या टॉवरच्या सज्जांतून
दीडशे पारवे साडेसातच्या पाळीला यायचे.
शेजारचा तुकडा रिकामा. आमचाच होता.
तिथं कणी पसरली, भुलवे मांडले,
तिकडं खा, इकडचं सोडा,
एवढाच व्यवहार.

रंग चमकतो म्हणून चुलीची राख चोळली.
पहाटे दव पडलं, पुन्हा चमकले.
पेंढ्याच्या आडोशाला बसलो तर
माझ्याच चष्म्याची काच त्यांना आधी दिसली.
थवा यायचा, झाडाच्या उंचीवर यायचा,
पाय खाली सोडलेले मी पाहिलेत,
आणि मग एकदम, कुणी काही न बोलता,
दीडशे जणांचं मत बदलायचं.

बेंडू मुकणे गलोल गळ्यात अडकवून बांधावर थांबला.
हसला.
"वाऱ्याला पाठ देऊन कोन बसतं रं शेट?
पिसं उलटी व्हतात."

सकाळी वारा डोंगराकडून. अकरानंतर खाडीकडून.
म्हणजे अकरा वाजता बाराही फिरवायचे.
मी माणूस यंत्राचा,
सायकलचे बेअरिंग काढून प्रत्येकाच्या पोटात बसवले.
वारा फिरला की बाराजण एका क्षणी, एका अंशात वळायचे.
चांगुणा पोट धरून हसली.
ही कबुतरं नव्हेत, ही पंधरा ऑगस्टची परेड.

फसला तो फक्त शिक्रा.
चिंचेतून सुटला तो थेट चौथ्या नंबरवर,
लाकडावर नखं वाजली.
तो खाली बसून राहिला, चोच अर्धी उघडी.
मला त्याची लाज वाटली,
इतकी चांगली झेप.

तुकड्याच्या कोपऱ्यात बिल्डरचा फलक आहे.
आई, बाप, मुलगी, सायकल,
कधीच न लावलेल्या झाडांखाली चाललेली.
त्यांचीही तोंडं एकाच बाजूला.
ऊन डोक्यावर आलं की ती चमकतात.
रविवारी गाड्या थांबतात,
काचा खाली होतात,
काही निघून जातात. काही उतरतात.

मग तो आला, एकटा.
पायात मांज्याचा गुंता, दोन बोटं गेलेली.
भुलव्यांमधून लंगडत चालला,
सातव्याच्या पाठीवर चोच मारून पाहिली,
त्याच्या बाजूला, खरंच, फुगून बसला.
मी श्वास धरला.
वर थवा वळला.
पाय खाली सोडले.
या वेळी मत बदललं नाही.

दीडशे पारवे उतरले,
माझ्या मुगात.

टाळीसाठी हात वर केले होते ते तसेच राहिले.
कारण मी मोजत होतो,
सवय जात नाही:
एकूण एक वाऱ्याकडे तोंड करून,
कुणी थोडं डावं, कुणी थोडं उजवं,
दोन-चार अंशांचा फरक.

तो फरक ठेवायचा राहिला होता.