हलका हात

परभणी, सरकारी दवाखाना, खोली नंबर नऊ.
पडदा ओढला की भर दुपारी इथे रात्र.
कूलरची घरघर, जेलची बाटली,
आणि चिठ्ठीवर कुणाचं तरी घाईतलं अक्षर:
गालावर गाठ. हिमँजिओमा?
प्रश्नचिन्ह तेवढं ठसठशीत.

सिदरा शेख मुनीर. वय चार. गंगाखेड.
डाव्या गालात निळसर फुगवटा,
जांभूळ तोंडात धरून गिळायचं राहून गेल्यासारखा.
वर्षभर थेंब पाजले, म्हणाला बाप.
औषधाच्या रिकाम्या बाटल्या पिशवीतून घेऊनच आलेला,
कुणी हिशोब मागितला तर असावा.
आई बाहेर बाकावर. आत येणार नाही म्हणते.

मी प्रोब ठेवला.
काळोख.
सकाळपासून मानेच्या धमन्या बघत होते मी,
ठोक्याठोक्याला उसळणारं, धावतं रक्त,
आणि मशीनची स्केल तशीच राहिलेली, वेगवानांसाठी लावलेली.
एक रंग उमटेना.
मी आणखी दाबलं.
दिसत नाही तेव्हा आपण दाबतो.

"दाबलं की पळतंय ते,"
सिदरा म्हणाली, छताच्या पंख्याकडे बघत.
"आन् वाकलं की यायलंय."

चौदा वर्षं मी या यंत्रापाशी.
ती चार वर्षं त्या गालात राहतेय.

हात उचलला.
जेलचा जाड थर, त्यावर प्रोब नुसता तरंगता,
सायीला धक्का लागू नये तसा.
स्केल खाली. अजून खाली. फिल्टरही खाली.
पोरीला पालथं घातलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर.
"खाली मांजर आहे का बघ गं."
"नाही."
"नीट बघ."

आणि आलं.
निळं, मग जरासं तांबडं,
मग काहीच नाही, मग परत निळं.
वैशाखात गंगेचं पात्र कोरडंठाक दिसतं,
पण वाळूत हातभर झिरा उकरून
नुसतं बसून राहिलं
की तळाशी ओल धरते, तसं.

बाप पडद्याजवळ सरकला.
"मोटारी भरायचं दुकान हाय माझं, मॅडम.
बोअरच्या पायपाला कान लावला की कळतंय आपल्याला.
हे तसलंच हाय. प्रेशर नाही.
पण पाणी हाय."

रिपोर्टात मी अर्धं पान लिहिलं,
याहून नेमकं काही लिहिता आलं नाही.

कोपऱ्यात एक खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा,
मागे बारीक सावली टाकणारा.
थांबून थांबून रक्ताचाच झालेला.
तो दिसला आणि मी चिठ्ठीवरचा शब्द खोडला,
प्रश्नचिन्हासकट.

गाठ नव्हे. वाढायला निघालेलं काही नव्हे.
पोटात असतानाच शिरांनी जराशी वेगळी वाट धरली, एवढंच.
थेंबांनी ते जाणार नव्हतंच.
आता नांदेडला एमआरआय, भूल देऊन.
तिथं हे सगळं पांढरंशुभ्र उजळेल,
किती खोल गेलंय, जिभेपर्यंत की अलीकडेच,
ते कळेल. मग सुईनं औषध. एकदा नाही, बऱ्याचदा.
बापानं सगळं ऐकलं,
पिशवीतल्या बाटल्या एकदा वाजल्या.

मग आवाज उतरवून म्हणाला,
"गिराण लागलं होतं तवा हिनं वांगी चिरली होती.
तेव्हापासून घरात वांगं नाही."

रिपोर्टात रकाने खूप आहेत:
जागा, आकार, खोली, प्रवाह, निष्कर्ष.
वांग्याला रकाना नाही.

मी बाहेर गेले, हाताला जेल तसंच.
बाकावरच्या बाईला सांगितलं,
तुमच्या हातानं यातलं काहीही झालेलं नाही.
तिनं माझ्या हाताकडे बघितलं.
बराच वेळ बघितलं.
"नीट दाबून बघितलं ना?"

नाही, म्हणाले मी.
दाबलंच नाही.

आतून सिदरा ओरडली:
मांजर नाहीच हाय!