पाहुण्यांची बाजू

आमच्या मैदानावरच्या गुणफलकात
पाहुण्यांच्या बाजूचे दिवे आधी जातात.
इलेक्ट्रिशियन म्हणाला, तिकडचा वापर जास्त आहे हो.
मी हसलो. नोकरीचा तिसरा दिवस होता,
तेव्हा हसता येत होतं.

अकरापैकी दहा सामने हरलेलं कॉलेज,
पश्चिम कॅन्ससात, गव्हाच्या कोठारांच्या सावलीत.
जुन्या कोचला घालवलं, त्याच्यामागून सतरा पोरं गेली.
नव्या कोचनं, रेडमाकरनं, लॉकररूमच्या भिंतीवरचं
ब्रीदवाक्य पुसून नवं लिहून घेतलं.
रंगाचा एकच हात दिला, पैसे तेवढेच होते.
संध्याकाळचं ऊन तिरपं आलं
की खालचं वाक्य वर येतं.

माझ्याकडे यादी आहे आणि गाडी.
यादीत पोराची उंची, वजन,
चाळीस यार्ड किती सेकंदांत,
आणि आईचं नाव.
आईचं नाव मी पाठ करतो.

सात तास दक्षिणेला, टेक्सासात, यूलेस.
टोंगाहून आलेली माणसं,
विमानतळावर लोकांचं सामान चढवता चढवता
इथलीच झालेली.
सेमिसी वाइनिकोलो, वय सतरा,
दाराच्या चौकटीएवढा रुंद
आणि स्वतःच्याच घरात जपून चालणारा.
आई सेइनी. रात्रपाळीचं पिवळं जाकीट
खुर्चीच्या पाठीवर तयार.
अळूच्या पानांत बांधलेलं खारं मांस, नारळाचं दूध.
मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.
ते कामाचा भाग नव्हतं.

मग कामाचं बोललो.
पहिल्याच वर्षी खेळशील, म्हणालो.
(दुसरं कोणी नाहीच, हे नाही म्हणालो.)
प्राध्यापक नावानिशी ओळखतात.
हवा कोरडी, छान.
वाऱ्याचं काही बोललो नाही.

सेइनी म्हणाली, तुम्ही तिथं किती दिवस?
मी म्हणालो, डिसेंबरपासून.
ते नाही विचारलं. पुढे किती दिवस?

अकरा वर्षांत सहा गावं.
चौथ्या गावानंतर बायकोनं पडदे शिवणं सोडलं.
खोकी ती फाडत नाही,
घडी करून गॅरेजात उभी ठेवते.
रेडमाकर सांगतो, खोटं बोलू नका,
फक्त क्रम बदला.
मी क्रम बदलून पाहिला.
कुठूनही सुरुवात केली तरी तेच येत होतं.

दोन वर्षं, मी म्हणालो.
जिंकलो तर मोठं कॉलेज उचलून नेईल.
हरलो तर काढतील.

सेमिसीनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं,
पोरगं मैदानावर पाहतं तसं,
हा माणूस कुठल्या बाजूनं येणार याचा अंदाज घेत.
सेइनी उठली. उरलेलं काचेच्या भांड्यात भरलं,
वर चंदेरी कागद दाबून बसवला.
भांडं परत आणा, म्हणाली.

सह्यांचा बुधवार. फोन टेबलावर पालथा.
साडेदहाला फोटो आला:
डोक्यावर दुसऱ्याच कॉलेजची निळी टोपी,
शेजारी आई, डोळे मिटलेले,
सरळ रात्रपाळीवरून आलेली असणार.
मी त्याच्या नावावर रेघ मारली.
पेन्सिल आईच्या नावापाशी थांबली,
तिथं नाही मारली.

आता भांडं मागच्या सीटवर आहे.
वळणावर झाकणाबरोबर किणकिणतं.
पुढचं नाव फोर्ट वर्थचं, म्हणजे वाटेतच.
रिकामं कसं द्यायचं म्हणून
आमच्या गावच्या गिरणीतलं पीठ घेतलंय, पाच पौंड.
तिचा धाकटा नववीत आहे.
शपथ घेऊन सांगतो,
हे मला ओक्लाहोमा ओलांडेपर्यंत आठवलं नव्हतं.
आठवल्यावर गाडी थोडी हळू केली,
बोटांवर वर्षं मोजली,
आणि दुसऱ्या बोटालाच थांबलो.