वारंवार

रकाना सतरा : परदेशात राहणारे नातेवाईक.
खाली तीन ओळींची जागा.
आमच्या गल्लीत कुणालाही हा फॉर्म दिला असता
तर पुरवणी मागून घ्यावी लागली असती.

विट्याच्या आसपास घर म्हणजे
एक चूल इथं आणि एक भट्टी भलत्याच मुलखात.
कोइमतूर, सिलिगुडी, काठमांडू, शारजा.
सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा,
पायपुसणंसुद्धा जाळायचं, राख धुवायची,
तळाशी गव्हाएवढं पिवळं उरलं
की त्यावर बहिणीची फी भरायची.

ती बहीण मी.
धातुशास्त्रात एम.टेक., हैदराबादच्या प्रयोगशाळेत निवड,
नेमणूक पडताळणीच्या अधीन.

गोपनीय शाखेचे हवालदार शिरतोडे आले.
बूट उंबऱ्याबाहेर काढले, चहा नको म्हणाले, मग घेतला.
"भाऊ काय करतो तिकडं?"
गलाई.
"आणि बायको?"
रोवेना. नर्स आहे. फिलिपाइन्सची.
पेन थांबलं. "स्पेलिंग सांगा."
आई आतून म्हणाली, "लई गुणाची हाय वो."
गुणाला रकाना नव्हता.

"बोलणं महिन्यातनं किती वेळा?"
आम्ही कधी मोजलंच नव्हतं.
भाकरी थापताना आई फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते,
तिकडं दादा मूस तापवत असतो,
अर्धा अर्धा तास कुणीच काही बोलत नाही.
हे किती वेळा धरायचं?
शिरतोडेंनी लिहिलं : वारंवार.
बूट घालताना म्हणाले, "माझा धाकटा मस्कतला हाय.
दोन वर्सं झाली. मला कुणी इचारत न्हाई."

मग अकरा महिने काहीच नाही.
दादा म्हणाला, "लिहून टाक की, संबंध न्हाई म्हणून.
मी करतच न्हाई फोन."
आणि खरंच केला नाही. दसऱ्याला नाही,
बाळ झालं तेव्हाही नाही. ते आम्हाला
चुलत्याच्या फोनवरून कळलं.
मी मात्र फॉर्ममधलं एक अक्षर खोडलं नाही.
पपा म्हणाले, "केर जाळल्याबिगर टंच कळत न्हाई पोरी,
जाळणाऱ्यावर राग धरू नको."
चाळीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस.
पायपुसण्याची बाजू त्यांना कुणी विचारली नसावी.

मुलाखतीला तीन जण. मधल्या बाई मवाळ आवाजात म्हणाल्या,
"समजा, तुमच्या भावाला तिकडे कुणी अडकवलं.
पासपोर्ट काढून घेतला. म्हणाले,
बहिणीकडून एक कागद आणव, सोडतो.
काय कराल?"
मी म्हणाले, तुम्हाला येऊन सांगेन.
बाईंनी मान हलवली. उत्तर बरोबर होतं.
परतीच्या गाडीत सोलापूर गेलं तरी डोळा लागला नाही,
कारण उत्तर खरंही होतं.

आदेश आला. सोबत एक अट, एक वही.
परदेशी नातलगांशी झालेला प्रत्येक संपर्क :
तारीख, वेळ, माध्यम, विषय.

पहिला फोन मीच केला.
दोघंही कुणीतरी शेजारी बसल्यासारखं बोललो.
विषय : शारजातलं ऊन.
दुसऱ्यांदा : विट्यातलं ऊन.
तिसऱ्यांदा रोवेनाच बोलली, हसत, अर्धं मराठीत,
"आत्या, बघ बघ," आणि कॅमेरा हलला,
नुसती लाळ दिसली आणि एक बोट.
मी लिहिलं : नऊ मिनिटं. विषय, भाच्याला पहिला दात.

सोमवारी दिलेली वही गुरुवारी परत आली.
त्या ओळीसमोर हिरव्या शाईतली सही
आणि खाली, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात :
वरचा की खालचा?

आईनंही आधी हेच विचारलं होतं.
ही चौकशी, की नुसतीच चौकशी,
वहीवरून कळायला मार्ग नाही.
पेन्सिलीनंच लिहिलं :
खालचा.