वेळ रिकामी ठेवता येत नाही

नंदुरबारला, बसस्टँडमागच्या बोळात
माझं झेरॉक्सचं दुकान.
आधार, सातबारा, जातीचा दाखला,
आणि काचेवर चिकटवलेलं :
पत्रिका जुळवून मिळेल.
साठ रुपये. रंगीत ऐंशी.

मला ज्योतिष येत नाही,
येतं ते सॉफ्टवेअरला.
मी विचारतो तारीख, वेळ, गाव,
आणि प्रिंटर कुरकुरत सांगतो
छत्तीसपैकी किती.

भटाबाई माळी चार वर्षं येत होती.
पदरात मिरचीचा खकाणा;
ती पायरी चढली की
आधी गिऱ्हाइकं शिंकायची, मग मी.
दर खेपेला नवा मुलगा,
दोंडाईचा, शिरपूर, एकदा तर थेट उधना.
कुणाशी नाडी एक, कुणाचा गण राक्षस,
आणि जुळलेच गुण सव्वीस, तर
मुलीच्या सातव्या घरात मंगळ,
पथारीवर वाळत घातल्यासारखा
लालभडक.

"वेळ नक्की हीच ना, मावशी?"
"सात दहानी पॅसिंजर गयी ना भाऊ,
तवयच ही व्हयनी."

मग एकदा तिनं स्टुलावर बसकण मारली,
दुकानात कुणी नाही बघून म्हणाली,
"बारा मिनिट पुढे ढकल ना.
तुले काय लागस?"

मला काय लागतं. एक बोट.
सात बावीस टाकले
आणि लग्न सरकलं एका राशीनं
(पत्रिकेतलं. दुसरं इतक्यात कुठलं सरकायला).
मंगळ निमूट सहाव्यात जाऊन बसला,
पाहुणे आले की घरातला दारुडा
मागच्या खोलीत जाऊन बसतो तसा.

त्या रात्री झोप लागली नाही, असं काही नाही.
लागली.
फक्त लागण्याआधी आठवलं,
माझा बाप स्टेशनवर हमाल होता,
त्या पॅसेंजरला शिव्या घालत जेवायला यायचा
रोज गार भाकरीला.
ती गाडी सात दहाला
कधी गेलीय?

महिन्याभरानं मुलगी स्वतः आली, दीपमाला.
शहाद्याला सरकारी दवाखान्यात नर्स.
"दादा, माझी खरी पत्रिका काढा."
"खरी म्हणजे दहाची, की बावीसची?"
हसली. मग हसणं थांबवून म्हणाली,
"आमच्या बाळंतपणाच्या खोलीत घड्याळ आहे,
सात मिनिटं पुढं.
रात्री एकदम दोघी आल्या
की आधी नाळ, मग रक्त,
मग पोर रडतं का ते.
हात धुऊन झाले की मी वेळ लिहिते,
आठवेल ती.
बहुतेक पाच नाहीतर शून्यावर संपणारी.
आयाबाया दारातून ओरडतात,
सिस्टर, टाइम बरोबर टाका हां!
मी म्हणते, टाकला."

बाहेर शहाद्याची गाडी लागली होती,
कंडक्टर हाकारे घालत होता.
ती जागची हलली नाही.

"वेळ रिकामी ठेवा," म्हणाली.
मी ठेवली. लाल अक्षरं आली.
पुन्हा ठेवली, तर मशीननं आपल्याच मनानं
मध्यरात्रीचे शून्य शून्य घातले.
"ते नको," म्हणाली,
"त्या वेळी मी ड्यूटीवर असते."

मग मीच ग्रह पुसले एकेक करून.
मंगळ शेवटी.
उरली नुसती चौकट, तिरप्या रेघा,
बारा घरं,
एकाही घरात भाडेकरू नाही.

"याचे किती?"
"दोन रुपये. काळा-पांढरा."

तिनं कागदाची चौघडी केली,
पर्समध्ये, थर्मामीटरच्या नळीशेजारी ठेवली.
रविवारी शिरपूरची माणसं यायची होती,
सात बावीसवाली पत्रिका बघून.
तिचं काय ठरलंय ते मी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही.

ती पायरी उतरली आणि माझ्या नाकात
कुठूनशी मिरची चढली.
तिच्या अंगाला तर डेटॉलचा वास होता.
निघालेल्या माणसाच्या मागं शिंकू नये म्हणतात.
माझा तसा विश्वास नाही.
मी नाक दाबून धरलं
बसचं दार लागेपर्यंत.