चौथा रकाना

चार हजार एकशे बारा मेसेज.
प्रत्येकाला एक आकडा द्यायचा, एवढंच माझं काम.
धीर दिला: एक. माहिती दिली: दोन.
वस्तू, पैसे, रक्त: तीन.
चौथ्या रकान्यात, समोरून काय आलं ते.
जोडलेले हात, फूल, की काहीच नाही.

वाचलेले निबंध म्हणतात,
बघणारं कुणी असलं की माणूस ऑनलाइन जास्त चांगला वागतो.
त्याचा दहा वर्षांचा आलेख माझ्या भिंतीवर आहे,
चढत जाणारा, आणि आमच्या कॉलनीच्या रस्त्यासारखा
मध्येच संपलेला.

भवानी पेठेतल्या एका गल्लीच्या ग्रुपवर
एकच मेसेज दोनशे सहा वेळा:
"पाणी आलं."
पहाटे तीन दहा. दोन चाळीस. एकदा सव्वाचार.
पाठवणारे नरसय्या बोधूल.
मी दोनशे सहा वेळा दोन लिहिलं.
चौथा रकाना कोरा.
पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात
त्या वेळी फूल कोण पाठवत बसेल?

भेटायला गेले.
चौतीस वर्षं यंत्रमागावर, टॉवेल काढत.
कान तिथंच राहिले.
मी ओरडून विचारलं, मग कागदावर लिहून,
तुम्हाला नळ ऐकू येतो?
त्यांनी माझा हात उचलून
भिंतीलगतच्या लोखंडी पाइपवर ठेवला.
"हितं झोपतो मी, हात लावून.
आधी हे थरथरतंय. नळाला यायला मग सात-आठ मिन्टं.
तेवढ्यात सगळे उठतेत की."

का करता, हा माझा प्रश्न क्रमांक अकरा.
ते बायकोकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलले.
ती खूप हसली, शेंगाचटणी बांधून दिली,
अर्थ काही सांगितला नाही.

मार्चात दोनशे सातवा मेसेज:
"पाइप बदलला. प्लास्टिकचा हाय. हाताला कळंना.
कुणीतरी बघा आता."

खाली तेरा मिनिटं शांत.
मग लक्ष्मीबाई वडनाल: मी जागीच असते, विड्या असतात.
मग इरफान: आज मी.
मग नाव नसलेला एक नंबर: उद्या मी बघते मामा.

निरीक्षकानं ग्रुपवर बोलायचं नसतं.
मी टाइप केलेलं पुसलं.

त्या रात्री दोनला उठून
उगाच आमच्या नळाला हात लावून बघितला.
गार होता.
आमच्याकडे पाणी परवा.